जखम पाहून

गेल्या चवथीला गोव्यात आमच्या पेडण्याच्या घरात नेहमीसारखीच माणसं भरली होती. दुपारची जेवणं झाली, माटोळीखाली चटया पडल्या आणि गप्पा फिरत फिरत सैनिकांच्या पेन्शनवर येऊन थांबल्या. २०२५ च्या मे महिन्यातलं ऑपरेशन सिंदूर अजून सगळ्यांच्या बोलण्यात होतं. बँकेत नोकरीला असलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, निवृत्त होताना मोठमोठे अधिकारी बीपी-शुगरचे कागद काढून डिसेबिलिटी पेन्शन लावून घेतात, वर ती करमुक्त, आणि हे सगळं आपल्या पैशातून. त्यावर आत्येचे यजमान उसळले. फौजेच्या पेन्शनचा हिशेब मागणारा माणूस देशाशी बेइमान, असं त्यांनी सुनावलं. पुढचा अर्धा तास दोघांचेही आवाज चढत गेले. या सगळ्या वेळात आमच्या वाड्यावरचे एक काका दाराजवळ भिंतीला टेकून बसले होते. २००२ साली, पाकिस्तानच्या सीमेवर फौज उभी केली त्या ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, राजस्थानच्या सीमेवर आपल्याच सैन्याने पेरलेले सुरुंग काढताना त्यांचं डावं पाऊल गेलं. जमिनीवर बसायचं म्हणून त्यांनी कृत्रिम पाय काढून शेजारी उभा करून ठेवला होता. वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकालाही त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. लढाईत किंवा लढाईच्या कामात ज्याचं शरीर निकामी झालं, त्याला मिळणारं पेन्शन ही दया नव्हे आणि शौर्याचं बक्षीसही नव्हे. ते देणं आहे, उधारीवर आणलेल्या मालाचं असतं तसं. माल आपण वापरून टाकला आहे. आता पैसे चुकते करताना दुकानदार सज्जन आहे की नाही, हे तपासत बसायचं नसतं. म्हणून या पेन्शनचा निवाडा जखम पाहून व्हावा. ती जखम नोकरीमुळे झालेली नाही असं सरकारचं म्हणणं असेल, तर ते सरकारने सिद्ध करावं. लंगडत आलेल्या माणसाला पुरावे गोळा करायला धाडू नये. खोटे दावे होत असतील तर ते जरूर पकडावेत, पण ते पकडण्याची जागा मेडिकल बोर्डाचं, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांचं, टेबल आहे. खोट्या दाव्याचा राग खऱ्या जखमीवर काढणं हा न्याय नाही, आणि आज चाललेल्या वादात नेमकं तेच होतं आहे.

चुलतभावाचं म्हणणं मात्र वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. कॅगने २०२३ साली जो अहवाल दिला त्यात २०१५-१६ ते २०१९-२० या काळाचा हिशेब आहे. त्या वर्षांत निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी दरवर्षी साधारण ३६ ते ४० टक्के जणांना अपंगत्वाचा लाभ मंजूर झाला. अधिकाऱ्यांखालच्या सैनिकांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के होतं. खंदकात, चौकीवर, बर्फात जास्त काळ कोण काढतो? जवान. मग अपंगत्व अधिकाऱ्यांत दुपटीने का दिसावं? त्यातही मधुमेह, रक्तदाब यांसारखे जे आजार कार्यालयात बसणाऱ्या कुणालाही होतात, त्यांचा वाटा बराच आहे. हे आकडे पाहून करदात्याच्या मनात शंका आली तर तिला देशद्रोह म्हणणं म्हणजे वादातून पळ काढणं. सैन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, कारण खोट्या दाखल्याने पहिलं नुकसान होतं ते खऱ्या दाखल्याच्या किमतीचं. मराठवाड्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं बाहेर आली, तेव्हा खरोखर तुरुंग भोगलेल्या म्हाताऱ्यांकडेही लोक कसे संशयाने बघू लागले, हे आठवून पाहावं.

पण याच आकड्यांपुढे एक पाऊल टाकलं की वादाची गफलत दिसते. निवृत्तीच्या वेळी आढळलेला रक्तदाब आणि सुरुंगात गेलेलं पाऊल सरकारी नियमांतही एका खात्यात कधीच नव्हतं. जानेवारी २००१ च्या आदेशाने अपंगत्वाचे ए ते ई असे पाच वर्ग केले. नोकरीशी संबंध नसलेला आजार पहिल्या वर्गात, नोकरीमुळे झालेला आजार दुसऱ्यात, कामावरचे अपघात तिसऱ्यात, अतिरेकी किंवा समाजकंटकांच्या हिंसाचारात झालेली इजा चौथ्यात, आणि युद्ध, सीमेवरच्या चकमकी, सुरुंग, लष्करी मोहिमा हे सगळं पाचव्यात. साधं अपंगत्व पेन्शन वेगळं, युद्धजखमींचं वेगळं आणि दरही वेगळे. म्हणजे बँकवाला भाऊ ज्यांच्यावर बोट ठेवत होता ते बहुतेक दुसऱ्या वर्गातले, आणि दाराजवळ बसलेले काका पाचव्यातले. दोघांना एकाच पोत्यात घालून पोतं बडवण्यात काय हशील? तीच गोष्ट खर्चाच्या आकड्याची. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठीच्या ६.८१ लाख कोटींपैकी सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनसाठी ठेवले, हे खरं. पण त्यात नियमाप्रमाणे निवृत्त झालेल्या सगळ्यांचं, त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांचं आणि संरक्षण खात्यातल्या मुलकी कर्मचाऱ्यांचंही पेन्शन येतं. लढाईत जायबंदी झालेल्यांचा वाटा त्यात एवढासा आहे. तो एवढासा वाटा कापून तिजोरी वाचवायला निघणं म्हणजे गळका हौद तसाच ठेवून तांब्याचं तोंड बांधणं.

यापेक्षा अवघड प्रश्न दुसरा आहे, आणि तो चवथीच्या गप्पांत कुणी काढला नाही. गोव्यात तो टाळता येत नाही. आयुष्यभर परक्या बोटींवर राबून आलेला तारवटी इथे घरोघरी आहे. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात खाणीवर पाठ मोडलेले कामगार आहेत. भर पावसात खांबावर चढून शॉक लागलेला लाइनमन आहे, वादळात होडी उलटलेला रापणकार आहे. यांचं रक्त लाल नाही का? सामाजिक सुरक्षा योजनेतून त्यांच्या हाती पडणारी रक्कम सैनिकाच्या पेन्शनपुढे तुटपुंजी आहे. धोक्याचं काम करणारा प्रत्येक जण देशाच्याच उपयोगाचं काम करतो, मग सैनिकाला वेगळं ताट का? या प्रश्नाला देशभक्तीच्या घोषणेने उत्तर देता येत नाही. तारवट्याच्या बायकोला ते उत्तर पटणार नाही, आणि पटू नये.

उत्तर आहे ते हुकुमात. लाइनमन म्हणू शकतो, वीज बंद केल्याशिवाय चढणार नाही. खाणकामगार काम सोडून घरी जाऊ शकतो, संघटना काढू शकतो, संप करू शकतो. तारवटी पुढचं काँट्रॅक्ट नाकारतो. पोटासाठी त्यांना हे सहसा जमत नाही हे मलाही कळतं, पण कायदा त्यांना ती वाट ठेवतो. सैनिकाला ती नाही. राज्यघटनेच्या कलम ३३ ने त्याचे मूलभूत हक्कच आखडते घेण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९५० च्या लष्करी कायद्यात वरिष्ठाचा हुकूम उघडपणे झुगारण्याला चौदा वर्षांपर्यंतची कैद आहे. सुरुंगाच्या शेतात पाऊल टाक, असं सांगण्याचा अधिकार सरकारला भारतातल्या एकाच प्रकारच्या नोकरावर आहे. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा झाला आणि कामावर हातपाय गमावलेल्या मजुराला मालकाकडून हक्काने भरपाई मागता येऊ लागली. त्या कायद्याने सैन्यातल्या माणसाला कामगाराच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलं. का ठेवलं? कारण त्याच्यासाठी पेन्शनचे नियम वेगळे होते. म्हणजे खाणकामगाराला भरपाईच्या दाव्याची जी जागा कायद्याने दिली, त्याच जागी सैनिकाकडे हे पेन्शन आहे. ते काढून घेतलं किंवा त्याला हात आखडला, तर त्याच्याकडे दुसरा दरवाजा उरत नाही. तारवट्याला आणि लाइनमनला आज मिळतं ते फार कमी आहे, आणि ते वाढवण्यासाठी भांडायला मी कुणाच्याही बरोबर येईन. पण एकाचं ताट अर्धं आहे म्हणून दुसऱ्याचं अर्धं करण्याला समता म्हणत नाहीत.

हा विचार काही विलायतेहून आलेला नाही. सभासद बखर १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली गेली. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी काय केलं, ते तिने अगदी हिशेबी भाषेत नोंदवून ठेवलं आहे. लढाईत मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवलं. मुलगा नसेल त्याच्या बायकोला निमं वेतन बांधून दिलं. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन, माणशी, जखम पाहून. ही जखम पाहण्याची अट मला फार मोलाची वाटते. माणूस कोण, कुठल्या घराण्यातला, किती वर्षं चाकरीत होता, असली छाननी त्या ओळीत नाही. आधी जखम पाहिली आणि मग आकडा ठरला. युरोपातही राजांना हे सुचलं. चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला जखमी सैनिकांसाठी आश्रयस्थान काढायचं ठरवलं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सीला. पण तो मूळ बेत माणसाने आश्रयाला जाऊन राहावं असा होता. महाराजांनी पैसे त्याच्या हातात दिले.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याच मातीत घडलं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्याच्या सीमेवर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाला तार केली. तिचा आशय असा, की पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील किंवा मृत. तिसरा प्रकार त्याने मान्यच केला नाही. या वाक्यात जखमी कुठे बसतो? हात तुटून जिवंत राहिलेल्या शिपायाला या राज्यात रकानाच नव्हता. व्हासालो ई सिल्व्हाने शरणागती पत्करून आपल्या माणसांचे आणि गोव्याचे जीव वाचवले, तर पुढे त्यालाच सैन्यातून काढून टाकण्यात आलं. त्याच राजवटीने अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये १९७४ पर्यंत आपली तरुण पोरं झिजवली आणि जायबंदी होऊन परतलेल्यांना नजरेआड ठेवलं. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट कोसळली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १४ मे रोजी, त्या जायबंदी सैनिकांनी स्वतःची संघटना उभी केली, आणि जानेवारी १९७६ मध्ये ४३/७६ क्रमांकाचा हुकूमनामा निघून त्यांचा हक्क कायद्यात आला. पोर्तुगाल तेव्हा आर्थिक अडचणीत होता. जे युद्ध सगळ्या देशाने चुकीचं ठरवलं होतं, त्या युद्धातल्या जखमांचं देणंही त्यांनी मानलं. कारण चूक हुकूम देणाऱ्याची होती आणि हात हुकूम पाळणाऱ्याचा गेला होता.

आपण गोंयकार सालाझारला नावं ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्या मनातही ते दोनच रकाने नाहीत का? गोवा मुक्तीच्या कारवाईत भारताचे २२ जण कामी आले आणि ५४ जखमी झाले, असा आकडा सांगतात. अंजदीव बेटावर उतरताना पडलेल्या सात नौसैनिकांचं स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतकच्या आवारात आहे. १९ डिसेंबरला आपण फुलं वाहतो, पत्रादेवीला जाऊन १९५५ च्या सत्याग्रहींना नमस्कार करतो. माझं घर पत्रादेवीपासून फार दूर नाही, लहानपणापासून मी तिथे जाते. त्या ५४ जखमींबद्दल मात्र आजवर एकाही भाषणात मी एक शब्द ऐकलेला नाही. ते कुठल्या गावचे, त्यांचे हात-पाय राहिले की गेले, पुढे त्यांची पोटं कशी भरली? मेलेल्याला आपण हुतात्मा म्हणतो, जिंकून आलेल्याला वीर म्हणतो. जो अर्धा परत आला त्याच्यासाठी भाषेत शब्दही नाही. फौजेत त्याला म्हणतात ‘बोर्ड आऊट’, मेडिकल बोर्डाने नोकरीतून बाहेर काढलेला.

त्या शब्दामागे काय असतं हे काकांकडून थोडं थोडं कळलं. पहिल्या कागदावर त्यांची इजा साधा अपघात म्हणून लागली. कारण सुरुंग आपलाच होता आणि त्या दिवशी समोरून गोळी आलेली नव्हती. सुरुंग कुणाचा आहे हे पायाला कसं कळणार? अपील, त्यावर अपील, आणि दर खेपेला सगळी कागदपत्रं नव्याने. वर्ग बदलून मिळायला सहा वर्षं गेली. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती त्यांची पत्र्याची पेटी. लग्नाचे फोटो आणि मेडिकल बोर्डाचे कागद एकाच पेटीत, कारण ओल लागू नये असं घरात दुसरं काही नव्हतं.

आणि हे कायदा स्पष्ट नसल्यामुळे होतं असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धर्मवीर सिंग खटल्यात सरळ नियम सांगितला. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आजार नोकरीमुळे आला असं मानायचं, ते खोटं ठरवण्याची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा सैनिकाला. २०१४ मध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट साफ केली. अपंगत्वाची टक्केवारी ५०, ७५, १०० अशी वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत बोर्ड आऊट झालेल्यांपुरती नाही, मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही ती आहे. इतकं होऊनही लष्करी न्यायाधिकरणाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला की सरकार वरच्या कोर्टात जातंच. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या अशा सुमारे तीनशे याचिका एका फटक्यात फेटाळल्या. तीनशे! यातल्या प्रत्येक याचिकेच्या दुसऱ्या टोकाला एक घर आहे, वकिलाची फी आहे, रजा काढून तारखेला जाणारा मुलगा आहे. गोव्यातल्या माणसाला लष्करी न्यायाधिकरणासाठी मुंबई गाठावी लागते. कोकण रेल्वेत कुबड्या घेऊन वरच्या बर्थवर चढता येतं का, याचा विचार अपील दाखल करणाऱ्या कारकुनाने कशाला करावा? ज्याला पन्नास टक्के अपंगत्व आहे त्याच्याविरुद्ध लढायला सरकारकडे शंभर टक्के वेळ आहे.

इथे आपल्या मनोहर पर्रीकरांची आठवण काढायला हवी. संरक्षणमंत्री असताना ‘वन रँक वन पेन्शन’ची घोषणा त्यांच्या काळात झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, त्यांनी संरक्षण खात्यातली कज्जेदलाली कशी कमी करता येईल हे पाहायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंगत्वाच्या प्रकरणांत सैनिकांविरुद्ध केलेली अपिलं मागे घ्या, असं त्या समितीने सांगितलं. माझ्या मते घोषणेपेक्षा ही समिती मोठी गोष्ट होती, कारण तिने आजाराचं मूळ दाखवलं. पैशांची चणचण हे मूळ नव्हतंच, मूळ होती नाही म्हणण्याची सवय. दहा वर्षांनी त्याच प्रकारच्या तीनशे याचिका एका कोर्टात पडून असाव्यात, यावरून त्या शिफारशीचं काय झालं ते कळतं. पर्रीकरांच्या नावाने पूल, विमानतळ, संस्था झाल्या. त्या समितीची एक शिफारस मनापासून पाळली असती तरी चाललं असतं.

आता एक नवा फरक रुजवला जातो आहे, जखमी होऊन बाहेर पडलेला आणि जखमी होऊनही नोकरीत राहिलेला यांच्यातला. २०१९ च्या जूनमध्ये प्राप्तिकर खात्याने परिपत्रक काढलं, की करमाफी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना. सप्टेंबर २०२३ च्या नियमांत तर नोकरीत टिकून राहिलेल्यांच्या लाभाचं नावच बदललं आणि त्याला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हटलं. पेन्शन हा शब्द गेला, रिलीफ आला. पूरग्रस्तांना देतात तो रिलीफ. यामागचा युक्तिवाद मी समजू शकते. ज्याची नोकरी गेली त्याचं नुकसान मोठं, ज्याला बढत्या मिळत राहिल्या त्याचं कमी. निवृत्तीच्या तोंडावर डिसेबिलिटी लावून घेणाऱ्यांना चाप बसावा हाही हेतू असेल. पण हा चाप कुणाच्या बोटावर बसतो? १९७१ च्या युद्धात सिल्हेटला इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगात गेला आणि चिंधड्या झालेला भाग त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला. ते घरी बसले नाहीत. कृत्रिम पायाने डोंगर चढून दाखवत त्यांनी पलटणीचं आणि ब्रिगेडचं नेतृत्व मिळवलं आणि मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. नव्या तर्काने पाहिलं तर त्यांनी हिंमत धरली ही त्यांची चूक. घरी बसले असते तर त्यांचं पेन्शन हे पेन्शन राहिलं असतं. दुसऱ्या बाजूला आपले मुरलीकांत पेटकर. सांगलीचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पेटकर पोहले म्हणून त्यांची जखम बरी झाली का? माणूस जखमेवर मात करतो ती त्याची कमाई. ती कमाई सरकारच्या देण्यातून वजा करायची नसते.

हुद्द्याच्या बाबतीत मात्र मला सैन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांशी भांडायचं आहे. पेन्शनमधला साध्या अपंगत्वाचा घटक शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, नोकरीत राहिलेल्या युद्धजखमीला साठ. म्हणजे पगार मोठा तर पाय महाग. सातव्या वेतन आयोगाच्या सुरुवातीच्या पायरीवरचा शिपाई घ्या. मूळ पगार २१,७००, लष्करी सेवा वेतन ५,२००, मिळून २६,९००. पन्नास टक्के अपंगत्वाला त्याच्या वाट्याला महिना ४,०३५ रुपये. ब्रिगेडियरचा सुरुवातीचा पगार १,३९,६०० आणि १५,५००, म्हणजे तेवढ्याच अपंगत्वाला २३,२६५. त्याच आयोगाने टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम सुचवली होती, शंभर टक्क्यांना जवानाला १२,०००, जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याच्या जेसीओला १७,०००, अधिकाऱ्याला २७,०००. त्यावर देशभर ओरड झाली की हा जवानाचा अपमान आहे, आणि २०१७ मध्ये सरकारने जुनी टक्केवारीच कायम केली. हिशेब करून पाहा. त्या नव्या शिपायाला ठरावीक रकमेत ४,०३५ च्या जागी ६,००० मिळाले असते. जुन्या हवालदाराचं थोडं नुकसान झालं असतं, पण सगळ्यात मोठं नुकसान वरच्यांचं होतं. जवानाचं नाव घेऊन कुणाचा पैसा वाचवला, हे कुणी विचारलं नाही. पेन्शन म्हणजे बुडालेल्या मिळकतीची भरपाई आणि अधिकाऱ्याची मिळकत जास्त बुडते, हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून टक्केवारी मोडा असं मी म्हणत नाही. तिच्याखाली एक तळ बांधा. अमुक जखमेला अमुक रकमेच्या खाली कुणालाच मिळणार नाही, मग तो शिपाई असो की खलाशी. बखरीतल्या त्या होनांचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे.

खोट्या दाव्यांचं काय, हे चुलतभाऊ पुन्हा विचारील. त्याला माझं उत्तर असं, की साखर आणि रक्तदाब तपासायला नोकरीची तीस वर्षं असतात आणि दरवर्षीची वैद्यकीय तपासणीही असते. आजार शेवटच्या वर्षी अचानक उगवला तर तो कागद मंजूर करणाऱ्या डॉक्टरला आणि त्याच्या वरिष्ठाला जाब विचारा. सियाचेनमध्ये किंवा अतिरेक्यांच्या पट्ट्यात किती वर्षं काढली त्याची नोंद सेवापुस्तकात असते, ती आजाराच्या शेजारी ठेवून पाहा. ताणाने रक्तदाब वाढतो हे खोटं नाही, चौकीवर महिनोन्‌महिने जागणाऱ्याला तो होतोच. ज्याची जखम डोळ्यांना दिसत नाही, जो रात्री ओरडत उठतो, त्याच्याकडे तर जास्तच काळजीने पाहायला हवं. म्हणून एखाद्या आजाराला सरसकट ‘सुखवस्तू’ ठरवून यादीतून उडवणं मला मान्य नाही. माणसागणिक तपासा, पण एकदाच तपासा, नीट तपासा, आणि मग कोर्टात पाठलाग करू नका.

हे सगळं आज बोलायचं कारण काका नाहीत. त्यांचा कागद झाला, उशिरा का होईना. आमच्या वाड्यावरून अग्निवीर म्हणून गेलेली पोरं हे कारण आहे. २०२२ मध्ये अग्निपथ आलं आणि चार वर्षांच्या नोकरीत पेन्शनच राहिलं नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख, एकरकमी, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि मुदत संपताना हाती पडणारा सेवा निधी. ऐकायला रक्कम मोठी वाटते. नेहमीच्या भरतीतला शिपाई युद्धात पन्नास टक्के जायबंदी होऊन बाहेर पडला, तर त्याला सेवेचा आणि जखमेचा घटक मिळून महिन्याला साधारण २६,९०० मिळतात, महागाई भत्ता वेगळा आणि मरेपर्यंत. पंधरा लाख त्या हिशेबाने पाच वर्षांच्या आतच संपतात. मुलगा तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. एकाच खंदकात, एकाच स्फोटात, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरांचा एकेक पाय गेला तर एकाला आयुष्यभर आणि दुसऱ्याला पाच वर्षं, हा फरक जखमेत कुठे दिसतो? चार वर्षांच्या कराराला पेन्शन परवडत नाही, असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगते, की निवृत्तीचं पेन्शन नका देऊ. तो करार त्याने समजून केला आहे. जखमेचा करार मात्र कुणीच केलेला नसतो. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतील आणि ही मुलं गावोगावी परत येतील. युद्धजखमींचे नियम अग्निवीरांना जसेच्या तसे लागू करायला एक आदेश पुरतो. गोव्याचे दोन लोकसभेतले आणि एक राज्यसभेतला असे तीन खासदार आहेत. ही मागणी मी तिघांनाही लेखी पाठवते आहे, आणि पत्राखाली काकांनीही सही केली आहे.